सातबाऱ्यावरचे नाव, मतयंत्रावरचे नाव

निवडणूक जाहीर झाली की यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्याचा विषय आपोआप वर येतो. कापसाचा भाव, सोयाबीनचा भाव, कर्जमाफी, सिंचन असे सगळे मुद्दे सभेसभेतून फिरू लागतात. या सभांमध्ये ज्या बाईचा नवरा याच कापसाच्या कर्जापायी गेला, ती कुठे बसलेली असते, हे कधी पाहिले आहे का? बहुधा व्यासपीठाच्या कडेला. तिला नावाने पुकारतात, साडी-चोळी किंवा मदतीचा लिफाफा हातात देतात, छायाचित्र निघते आणि ती खाली उतरते. बोलायला तिला कोणी माईक देत नाही.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत या जिल्ह्यात अशी एक बाई थेट उमेदवार झाली. वैशाली येडे हे त्यांचे नाव. कळंब तालुक्यातील राजूर हे त्यांचे गाव. २०११ मध्ये पतीने आत्महत्या केली, तेव्हा लग्नाला फार वर्षे झालेली नव्हती आणि पदरात दोन लहान मुले होती. पुढे अंगणवाडीतले काम, शेती आणि शिवणकाम यांवर त्यांनी घर चालवले. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात त्यांनी भूमिका केली. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरच्या बायकाच त्या नाटकात स्वतःची कहाणी घेऊन रंगमंचावर उभ्या होत्या.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण आयत्या वेळी मागे घेतले गेले. महाराष्ट्रभर वादळ उठले, महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि ११ जानेवारीला उद्घाटन केले ते वैशाली येडे यांनी. त्या भाषणात त्यांनी सांगितले की, आम्हाला विधवा म्हणू नका, एकल महिला म्हणा. मी आज बोलताना काही ठिकाणी ‘विधवा’ हा शब्द वापरणार आहे, कारण सरकारी कागदावर अजून तोच शब्द आहे आणि माझे बरेचसे बोलणे त्या कागदांविषयीच आहे.

संमेलनाला तीन महिने होत नाहीत तोच आमदार बच्चू कडू यांच्या प्रहार जनशक्ती पक्षाने त्यांना यवतमाळ-वाशीममधून उमेदवारी दिली. तेव्हाही शंका घेणारे होते. सहगल यांची रिकामी खुर्ची भरायला ही बाई वापरली, आता पक्षानेही वापरली, असे म्हणणारे मला भेटले आहेत. शंका अगदीच निराधार नाही. पण वापरले जाणे हे तर प्रत्येक उमेदवाराच्या वाट्याला येते. नामवंत घराण्यातल्या उमेदवाराबद्दल हा प्रश्न आपण विचारत नाही, गरीब बाईबद्दल मात्र लगेच विचारतो, एवढे लक्षात ठेवलेले बरे.

आता थोडा हिशेब. लोकसभेसाठी अर्ज भरायचा तर सर्वसाधारण उमेदवाराला २५ हजार रुपये अनामत भरावी लागते. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला त्याच्या निम्मी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला किंवा नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला त्याच मतदारसंघातले दहा सूचक लागतात. मालमत्ता, कर्ज, गुन्हे यांचे शपथपत्र, निवडणुकीसाठी बँकेत वेगळे खाते, रोजच्या खर्चाची नोंदवही, हे सगळे वेगळेच. २०१९ मध्ये महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ७० लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा होती. ही मर्यादा कमाल खर्चाची. लोकवर्गणीवर प्रचार करणाऱ्या उमेदवाराला ती मर्यादा ओलांडण्याची भीती कधी पडत नाही!

वेळेचे गणित याहून कठीण असते. त्या वर्षी पहिल्या टप्प्यात अर्ज मागे घेण्याची मुदत २८ मार्चला संपली आणि मतदान ११ एप्रिलला होते. प्रचार दोन दिवस आधी थांबतो. म्हणजे चिन्ह हातात पडल्यापासून जेमतेम बारा दिवस. यवतमाळ-वाशीम मतदारसंघात वाशीम, कारंजा, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस आणि पुसद असे सहा विधानसभा मतदारसंघ आणि १९ लाखांवर मतदार. ज्यांच्याकडे गावोगावी बूथप्रमुख आहेत त्यांना बारा दिवस पुरतात, कारण त्यांचे काम पाच वर्षे चाललेले असते. नव्या माणसाचा निम्मा वेळ आपले चिन्ह समजावून सांगण्यात जातो.

निकाल २३ मेला लागला. शिवसेनेच्या भावना गवळी १ लाख १७ हजारांहून अधिक मतांनी निवडून आल्या, काँग्रेसचे माणिकराव ठाकरे दुसरे राहिले. वैशाली येडे यांना सुमारे २० हजार मते मिळाली. अनामत परत मिळायची तर एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते लागतात, म्हणजे इथे दोन लाखांच्या जवळपास. पहिल्या दोघांखेरीज सगळ्यांचीच अनामत गेली.

एवढ्यावर ‘प्रयोग फसला’ असे म्हणून पान उलटता येईल. पण यवतमाळचा नकाशा समोर ठेवला तर आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती मला मतांच्या आकड्याहून महत्त्वाची वाटते.

महागाव तालुक्यातले चिलगव्हाण हे गाव आपण ऐकले असेल. तिथले शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. महाराष्ट्रातली शेतकरी कुटुंबाची पहिली जाहीर नोंद झालेली आत्महत्या म्हणून तिचा उल्लेख होतो आणि १९ मार्चला अनेक जण अन्नत्याग करून तिची आठवण ठेवतात. मारेगाव तालुक्यातले जळका हे कलावती बांदूरकर यांचे गाव. आर्णी तालुक्यातले दाभडी हे २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदी यांनी ‘चाय पे चर्चा’त शेतकऱ्यांशी बोललेले गाव, तिथे दिलेल्या आश्वासनांची उजळणी त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत झाली. आणि राजूर, वैशाली येडे यांचे. चारही गावे एकाच जिल्ह्यातली. चारही गावांची नावे शेतकऱ्यांच्या दुःखाशी जोडलेली.

पण २००८ च्या पुनर्रचनेनंतर चिलगव्हाण हिंगोली लोकसभा मतदारसंघात मोडते, जळका आणि दाभडी चंद्रपूरमध्ये, राजूर यवतमाळ-वाशीममध्ये. एकट्या यवतमाळ जिल्ह्यातले मतदार तीन खासदारांना मते देतात. वणी आणि आर्णी विधानसभा चंद्रपूरकडे, उमरखेड हिंगोलीकडे, उरलेले चार यवतमाळ-वाशीमकडे. कोळसा, सिमेंट आणि जंगल यांचे प्रश्न असलेल्या चंद्रपूरमध्ये झरी-जामणीच्या कापूसवाल्याचा आवाज किती पोहोचणार? हिंगोलीत महागावचा किती? जिल्ह्याचे नाव आत्महत्यांसाठी देशभर गेले, पण या एका प्रश्नावर जिल्ह्याचे मत एका ठिकाणी कधी मोजलेच जात नाही. पुनर्रचना करणाऱ्यांनी हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. लोकसंख्येच्या हिशेबात रेषा जशी पडायची तशी पडली. पण परिणाम व्हायचा तो झाला.

कलावतीबाईंची आठवण इथे काढायला हवी. २००५ मध्ये त्यांच्या पतीने आत्महत्या केली. २००८ मध्ये राहुल गांधी त्यांच्या घरी आले आणि अणुकरारावरच्या विश्वासदर्शक ठरावाच्या चर्चेत, २२ जुलैला, त्यांचे नाव संसदेत घेतले गेले. पुढच्या वर्षी विधानसभा निवडणूक आली. किशोर तिवारी यांच्या विदर्भ जनआंदोलन समितीच्या पाठिंब्यावर कलावतीबाई वणीतून उभ्या राहणार अशी घोषणा झाली, देशभर बातमी गेली, आणि मग त्यांनी माघार घेतली. लगेच ‘दबाव आला’, ‘पैसे मिळाले’ अशा चर्चा रंगल्या. माझे मत विचाराल तर, ज्या बाईला सात मुली आणि दोन मुलगे यांचा संसार ओढायचा आहे, तिने आमदारकीच्या लढाईत पडायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे तिचा होता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये अविश्वास ठरावाच्या चर्चेत तिचे नाव पुन्हा संसदेत आले, या वेळी दुसऱ्या बाजूने. पंधरा वर्षांत दोन्ही बाजूंनी तिचे नाव घेतले. बोलणारे मात्र तेच, सभागृहातले.

आता पैनगंगेपलीकडे जाऊ. यवतमाळला लागून आदिलाबाद आणि त्याच्या पुढे निजामाबाद. हळदीला आणि लाल ज्वारीला भाव नाही म्हणून तिथले शेतकरी संतापलेले होते. त्यांनी २०१९ मध्ये एक उमेदवार न देता पावणेदोनशेच्या आसपास शेतकरी उभे केले! एकूण १८५ उमेदवार झाले. मतदान त्याच दिवशी, ११ एप्रिलला. निवडणूक आयोगाला तिथे खास मतयंत्रे आणावी लागली. (असे याआधीही झाले होते. १९९६ मध्ये नलगोंडा इथे फ्लोराइडयुक्त पाण्याचा प्रश्न घेऊन ४८० उमेदवार रिंगणात उतरले, तेव्हा मतपत्रिका छापण्यासाठी मतदानच पुढे ढकलावे लागले.) निजामाबादला शेतकऱ्यांपैकी कोणी निवडून आले नाही. पण मुख्यमंत्र्यांच्या कन्या, विद्यमान खासदार के. कविता, पराभूत झाल्या. निवडून आले ते हळद मंडळ आणण्याचे वचन मुद्रांक कागदावर लिहून देणारे भाजपचे धर्मपुरी अरविंद. हे मंडळ जाहीर व्हायला २०२३ चा ऑक्टोबर उजाडला, तेही दुसऱ्या निवडणुकीच्या तोंडावर, आणि सुरू झाले ते २०२५ च्या जानेवारीत. उशीर झाला खरा. पण मागणी एक होती, नाव घेता येईल अशी होती आणि कागदावर होती. ‘शेतकऱ्याला न्याय द्या’ या मागणीला कोणीही हो म्हणतो, कारण ती पूर्ण झाली की नाही हे तपासता येत नाही.

यवतमाळच्या बायकांची अशी नाव घेता येणारी मागणी कोणती? ती कोणत्याही तलाठी कार्यालयात अर्धा तास बसले तरी कळते: सातबाऱ्यावर नाव.

नवरा गेला की पहिल्यांदा पंचनामा आणि मग ‘पात्र-अपात्र’. २००६ च्या जानेवारीतल्या शासन निर्णयानुसार आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख रुपये मदत ठरली. त्यांपैकी ३० हजार रोख आणि ७० हजार बँकेत ठेव. पण त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने प्रकरण पात्र ठरवले पाहिजे. कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे पाहिजे आणि वसुलीचा तगादा दिसला पाहिजे. गावातल्या बिनपरवाना सावकाराने दिलेल्या पैशाची चिठ्ठी नसते, म्हणून ते कर्ज हिशेबात येत नाही. नवऱ्याच्या डोक्यावर खरा भार मात्र त्याचाच असतो.

ते झाले की सासर. पऱ्हाटी उभी असते, वावर पेरलेले असते, आणि दीर किंवा सासरे म्हणतात, नाव लावायची काय घाई, आम्ही आहोत ना. नाव नसले की पीक कर्ज नाही, पीक विमा नाही, नुकसानभरपाई आली तर तीही दुसऱ्याच्या खात्यात. कायदा तिच्या बाजूने आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पत्नी पहिल्या वर्गाची वारस आहे. सासऱ्यांच्या आधी मुलगा वारला असेल, तर सासऱ्यांच्या पश्चात त्यांच्या मिळकतीतही विधवा सून पहिल्या वर्गाची वारस ठरते. पण कायदा सातबाऱ्यावर आपोआप उतरत नाही. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा लागतो, वारस नोंदवहीत नोंद होते, मग फेरफार, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी.

महिला किसान अधिकार मंचाने, ज्याला ‘मकाम’ म्हणतात, विदर्भ आणि मराठवाड्यातल्या ५०५ शेतकरी विधवांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतल्या ४० टक्के स्त्रियांना शेतजमिनीवरचा हक्क मिळालेला नव्हता. त्याच नोव्हेंबरात या बायका मुंबईला आझाद मैदानावर जाऊन बसल्या. हातात मागण्यांची यादी होती आणि प्रत्येक मागणीपुढे खात्याचे नाव होते. जून २०१९ मध्ये राज्य शासनाने या स्त्रियांसाठी शासन निर्णय काढला आणि वारसहक्क, निवृत्तिवेतन यांसारख्या बाबींत त्यांना मदत करण्याच्या सूचना यंत्रणेला दिल्या. महिना पाहा. लोकसभेचा निकाल लागला होता आणि विधानसभा ऑक्टोबरमध्ये व्हायची होती. संजय गांधी निराधार योजनेचे मासिक अनुदान ६०० वरून १,००० रुपये झाले तेही त्याच वर्षी.

म्हणून मला वाटते, वैशाली येडे यांच्या वीस हजार मतांकडे आझाद मैदानापासून तोडून पाहू नये. दोन्ही गोष्टी एकाच हंगामातल्या. एकीकडे एका बाईने माईक हातात घेतला, संमेलनात आणि मग प्रचारात. दुसरीकडे अनेक बायकांनी अर्ज लिहिले. पहिल्या गोष्टीने वर्तमानपत्रांची पाने भरली, दुसरीने शासन निर्णय निघाला. कार्यकर्त्यांनी एवढे ओळखले तरी पुष्कळ आहे की निवडणुकीआधीच्या सहा महिन्यांत मंत्रालयाचे कान उघडे असतात, आणि त्या काळात नेमकी मागणी घेऊन जावे.

त्याची दुसरी बाजूही आहे. २०२३ मध्ये निराधार अनुदान १,५०० रुपये झाले. २०२४ मध्ये विधानसभेच्या आधी ‘लाडकी बहीण’ आली, तीही १,५०० रुपयांची. शासनाच्या दुसऱ्या योजनेतून तेवढीच रक्कम मिळत असेल तर या योजनेचा लाभ नाही, अशी अट. म्हणजे निराधार अनुदान घेणाऱ्या विधवेच्या पदरात त्या निवडणुकीत जास्तीचे काही पडले नाही. शेजारच्या नवरा असलेल्या बाईला जेवढे, तेवढेच तिला. तिच्या बाजूने बोलणारे कोणी त्या वेळी मसुदा वाचत नव्हते, असेच म्हणावे लागेल.

लोकसभेपेक्षा या बायकांच्या आवाक्यातली निवडणूक ग्रामपंचायतीची. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायत राज संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत आणि एका प्रभागात चार-पाचशे घरांची ओळख हेच भांडवल असते. मात्र एक अट विसरू नये. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले असेल तर उभे राहता येत नाही. ग्रामसभेलाही कमी लेखू नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने हेरवाडचा कित्ता गिरवण्याचे परिपत्रक राज्यभर काढले. आपल्या गावच्या ग्रामसभेत, ‘गेल्या पाच वर्षांत वारलेल्या खातेदारांच्या वारस नोंदी किती झाल्या, किती बाकी’ एवढे वाचून दाखवा असा विषय ठेवता येतो. त्याला पैसा लागत नाही.

आणि शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण निवडणुकीच्या दिवसांत हा अनुभव हटकून येतो. बाई तलाठी कार्यालयात जाते आणि ‘आचारसंहिता आहे, नंतर या’ असे ऐकून परत येते. आचारसंहितेत नव्या योजना आणि नव्या घोषणा करता येत नाहीत. वारस नोंद ही योजना नाही, ते महसुलाचे रोजचे काम आहे. कर्मचारी निवडणुकीच्या कामाला जुंपलेले असतात आणि उशीर होतो, हे खरे. पण अर्ज घेण्याला कोणी मनाई केलेली नाही. मृत्यूचा दाखला, जुना सातबारा, सगळ्या वारसांची नावे असलेले शपथपत्र जोडून अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. नाव लागले की नवा उतारा काढून पेरणीआधी पीक कर्जासाठी बँकेत न्यावा. मे महिन्यात तिथे रांग असते, म्हणून सकाळी बँक उघडण्याआधी पोहोचावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)